बिनविजेचा गारवा : अब्दुल रहीम खानखाना



मे महिन्यात वीज गेली की वर्गात बसवत नाही. अशा वेळी आम्हाला रहीम यांची आठवण होते. त्यांचे दोहे आपण हिंदीच्या तासाला पाठ करतो, पण आपल्या बऱ्हाणपुरातले त्यांचे काम पुष्कळांना ठाऊक नसते.

रहीम यांचा जन्म १५५६ साली लाहोरला झाला. ते जेमतेम चार वर्षांचे असताना वडील बैरमखान यांची पाटण येथे हत्या झाली. पुढे अकबराने त्यांना वाढवले. ते मोठे सेनापती झाले आणि त्यांना खानखाना ही पदवी मिळाली. त्यांना अनेक भाषा येत. बाबराच्या आत्मचरित्राचा त्यांनी फारसीत अनुवाद केला.

दख्खनचा कारभार पाहताना ते बरीच वर्षे बऱ्हाणपुरात राहिले. शहर वाढले, फौजेचा तळ पडला, तसे पाणी कमी पडू लागले. तेव्हा १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराच्या मदतीने, कुंडी भंडारा आकाराला आला. सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी भुयारात अडवून ते केवळ उताराने शहरात आणले. ना मोट, ना पंप!

भुयारावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या सुमारे शंभर कुंड्या आहेत. त्यांतून माती वर काढता आली आणि आत हवा व उजेड पोहोचला. खोल जमिनीचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. म्हणून वर ऊन रणरणत असले तरी आत गारवा असतो.

उतारवयात रहीम यांनी मुलांचे मृत्यू आणि जहांगीरची गैरमर्जी सोसली. १६२७ मध्ये ते वारले. त्यांची कबर दिल्लीत आहे, पण भंडाऱ्याचे पाणी त्यांच्यामागेही बऱ्हाणपूरची तहान भागवत राहिले. २०२४ मध्ये हा भंडारा युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आला.

मात्र कुंडीत कचरा पडला की हवेची आणि पाण्याची वाट बुजते. चारशे वर्षांचे काम असे आपल्याच हातून संपू शकते. म्हणून सहलीला गेलात तर तिथे एक कागदही टाकू नका. विश्वस्त मंडळींनाही आमची विनंती आहे, की पुढे नवी खोली बांधताना समोरासमोर खिडक्या आणि छताजवळ झरोके ठेवावेत. गरम हवा वर चढते. तिला बाहेर जायला वाट हवी. पालकांनीही घर बांधताना एवढे ध्यानात ठेवले, तर वीज गेली तरी मुलांचा अभ्यास थांबणार नाही.