गप्पी मासे, आजोबांचे कान आणि हाल्डेन

चिंचणीला आमच्या वाडीत एक विहीर आहे. मलेरियावाले कधीतरी येऊन तिच्यात गप्पी मासे सोडून गेले, ते आजही तिथेच आहेत. डासांच्या अळ्या खातात म्हणून घरात कुणी त्यांना हात लावू देत नाही. लहानपणी कठड्याला पोट टेकून मी ते बघत बसायचो. मोठे मासे सगळे मातकट आणि एकसारखे. छोट्यांच्या अंगावर मात्र नारिंगी, काळे, निळसर ठिपके, आणि प्रत्येकाचे वेगळे. असं का, म्हणून आजोबांना विचारलं. ते म्हणाले, बाप तसा बेटा! मला वाटलं, म्हण सांगून कटवतायत.

इथे हॉस्टेलला आल्यावर लायब्ररीत कळलं की आजोबा अगदी शब्दशः बरोबर होते. छोटे रंगीत ते नर, मोठ्या मातकट त्या माद्या. 1920 च्या दशकात योहानेस श्मिट आणि ओइविंद विंगे या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की गप्पीचे काही ठिपके फक्त बापाकडून मुलाकडे जातात. कारण त्यांची जनुकं वाय गुणसूत्रावर असतात, आणि ते मुलीला मिळतच नाही. हेच वाचता वाचता हेलन स्पर्वे या बाईंचं नाव आलं. त्यांनी गप्पींवर बरंच काम केलं. आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांचे यजमान आले, जे. बी. एस. हाल्डेन. मग गप्पी राहिले बाजूला, आणि मी या अवलियाच्याच मागे लागलो.

जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1892 चा, ऑक्सफर्डचा. वडील नामवंत शरीरशास्त्रज्ञ. खाणीतले विषारी वायू स्वतःच्या नाकाने तपासायचे आणि पोरालाही सोबत न्यायचे. आपल्याला नवल वाटेल ते पुढे आहे. हाल्डेन यांच्याकडे विज्ञानाची डिग्रीच नव्हती! ऑक्सफर्डला आधी गणित केलं, मग ग्रीक-लॅटिन आणि तत्त्वज्ञान. जनुकशास्त्र शिकले ते घरी, बहीण नेओमीबरोबर प्राणी पाळून. उंदरांचे गुलाबी डोळे आणि पांढरा रंग ही दोन लक्षणं पुढच्या पिढीत बरोबरीने जातात, हे या भावंडांनी आणि स्प्रंट नावाच्या मित्राने दाखवलं. तो निबंध 1915 मध्ये छापून आला तेव्हा हाल्डेन पहिल्या महायुद्धासाठी सैन्यात होते, आणि स्प्रंट त्याच युद्धात मारला गेला होता. पुढे हाल्डेनही जखमी झाले आणि बरे होण्यासाठी भारतात आले. हा देश त्यांच्या मनात बसला तो तेव्हापासून.

1924 मध्ये त्यांनी एक हिशेब मांडला. मँचेस्टरकडे धुराने झाडं काळी झाली, आणि तिथल्या एका पतंगाची काळी जात पन्नासेक वर्षांत फिकट जातीला मागे टाकून गेली. एवढ्या वेगाने हे व्हायचं तर काळ्या पतंगांची पिल्लं फिकटांच्या साधारण दीडपट जगायला हवीत, असं गणित त्यांनी काढलं. उत्क्रांती म्हणजे नुसत्या गप्पा नाहीत, तिचा वेग मोजता येतो, हे त्यांनी, फिशर यांनी आणि राइट यांनी सिद्ध केलं. आपल्या एम-3 ला घाबरणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

माणूस धाडसीही होता. 1939 मध्ये थेटिस ही पाणबुडी बुडून 99 माणसं गेली. त्यानंतर पाण्याखालच्या दाबात शरीराचं काय होतं हे पाहायला हाल्डेन स्वतः लोखंडी टाकीत बसले. झटके आले, पाठीच्या मणक्याला इजा झाली, तरी प्रयोग चालूच.

सगळंच गुणगान करायचं नाही. ते कम्युनिस्ट होते. रशियात लायसेंकोने जनुकशास्त्र मोडीत काढलं, चांगली चांगली माणसं तुरुंगात गेली, तेव्हा हाल्डेन यांनी जितक्या खणखणीतपणे बोलायला हवं होतं तितकं ते बोलले नाहीत. पक्षाची निष्ठा आडवी आली. एवढ्या मोठ्या माणसाच्या आयुष्यात ही गोष्ट खटकतेच.

1957 मध्ये, वयाच्या 64 व्या वर्षी, लंडनची प्रोफेसरकी सोडून दोघं कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले. सुएझवर ब्रिटनने केलेल्या हल्ल्याचा रागही त्यामागे होता. हाल्डेन यांनी कुर्ता घातला, मांसाहार सोडला, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं. आणि इथे त्यांनी जे केलं, ते मला सगळ्यात मोठं वाटतं.

महागडी यंत्रं नाहीत म्हणून रडायचं नाही, डोळे आहेत आणि मोजता येतं ना, मग बसा मोजायला, अशी त्यांची पद्धत. एस. के. रॉय पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजत बसले. टी. ए. डेव्हिस यांनी नारळाची झाडं पाहिली. काही झाडांची पानं डावीकडे वळत जातात, काहींची उजवीकडे, आणि हे वळण आईबाप झाडांकडून येत नाही, असं त्यांना आढळलं. सुरेश जयकर यांनी हेलनबाईंबरोबर टिटवीची घरटी पाहिली, आणि हाल्डेनबरोबर गणिती निबंध लिहिले. पारिजातक, नारळ, टिटवी! हे सगळं तर आमच्या वाडीतही आहे. मी रोज पाहत होतो, मोजलं कधीच नाही.

कृष्ण द्रोणमराजू या विद्यार्थ्याने आंध्रातल्या एका घराण्यात पुरुषांच्या कानावरचे केस तपासले. गप्पीच्या ठिपक्यांसारखे तेही बापाकडून मुलाकडे, म्हणजे वाय गुणसूत्रावरून जात असावेत, असा 1960 चा निष्कर्ष. आजोबांच्या कानावर असेच झुपके होते, म्हणून मी फार खूश झालो. पण 2004 मध्ये भारतातल्याच पुरुषांचे वाय गुणसूत्र तपासले गेले, आणि तसा संबंध सापडला नाही. हेलनबाईंचंही तसंच. गप्पी मादीला नराशिवाय पिल्लं झाली असं त्यांनी 1953 मध्ये मांडलं, आणि 1957 मध्ये स्वतःच दुरुस्ती केली की अशा काही माद्यांमध्ये नराचा भागही असतो.

मग हे लोक नापास झाले का? मुळीच नाही. त्यांनी जे दिसलं ते जसंच्या तसं नोंदवलं, म्हणून तर पुढच्यांना चूक शोधता आली.

प्रवाळातल्या माशांचे रंग आज याच वाटेने उलगडतायत. 'फाइंडिंग निमो'मधल्या नारिंगी क्लाऊनफिशचा संपूर्ण जनुकसंच 2018 मध्ये वाचला गेला. त्यात सुमारे 26 हजार जनुकं निघाली. 2021 मध्ये आणखी कळलं, की पिल्लाच्या अंगावर पांढरे पट्टे कधी उमटणार हे थायरॉइडच्या स्रावावर ठरतं. पिल्लू कुठल्या जातीच्या समुद्रफुलात राहतं, त्यावर पट्टे लवकर की उशिरा येतात. म्हणजे जनुक कुठलं एवढंच नाही, तर ते कामाला कधी लागतं हेही महत्त्वाचं. जनुकाच्या वेळेचा हा मुद्दा हाल्डेन यांनी 1932 मध्येच एका निबंधात मांडला होता.

कोलकात्याच्या संस्थेत वाद झाले, हाल्डेन 1961 मध्ये बाहेर पडले आणि 1962 मध्ये भुवनेश्वरला त्यांनी नवी प्रयोगशाळा उभारली. थोड्याच दिवसांत कॅन्सर निघाला. त्यावरही त्यांनी विनोदी कविता लिहिली! 1 डिसेंबर 1964 ला ते गेले. देह त्यांच्या इच्छेप्रमाणे काकिनाड्याच्या रंगराया मेडिकल कॉलेजला गेला. शेवटीसुद्धा विद्यार्थ्यांच्याच उपयोगी पडले.

आता माझी कबुली. गेली तीन सेमिस्टर मी प्रॅक्टिकलची रीडिंग्ज सिनियरच्या जर्नलमधून उतरवली. आलेख कसा सुतासारखा सरळ यायचा! पण त्यात चूक शोधायलाही काही नव्हतं, कारण मी काही मोजलंच नव्हतं. या सेमिस्टरला स्वतः घेतलेली रीडिंग्ज लिहिली. दोन बिंदू रेषेच्या बाहेर गेले, व्हायव्हाला सरांनी कारण विचारलं, आणि अर्धा तास आम्ही दोघं ते शोधत बसलो. मार्क किती पडतील देव जाणे, पण पहिल्यांदाच काहीतरी शिकल्यासारखं वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाईन तेव्हा वही घेऊन विहिरीच्या कठड्यावर बसणार आहे. कुणाला यायचं असेल तर या. जेवायला ताजी मासळी मिळेल, गप्पी सोडून!