कानातली लाट पाहणारे बेकेशी

१९२३ साली बुडापेस्ट विद्यापीठातून भौतिकशास्त्राची डॉक्टरेट घेऊन बाहेर पडलेल्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना प्रयोग करण्यासाठी जागा हवी होती. पहिल्या महायुद्धातील पराभवाने हंगेरी खिळखिळा झाला होता. त्यातल्या त्यात बरी उपकरणे होती ती टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत. कारण तार आणि टेलिफोन यांचा कारभारही त्याच खात्याकडे होता. (भारतातही १९८५ पर्यंत अशीच व्यवस्था होती.) बेकेशी तेथे रुजू झाले ते १९४६ पर्यंत राहिले. पुढे १९६१ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते प्रामुख्याने टपाल खात्याच्या या चाकरीत सुरू झालेल्या संशोधनासाठी. वैद्यकाची पदवी त्यांनी कधीच घेतलेली नव्हती.

त्यांचा जन्म ३ जून १८९९ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. वडील राजनैतिक सेवेत असल्यामुळे बालपण म्यूनिक, कॉन्स्टँटिनोपल, झुरिक अशा शहरांत विखुरले गेले. बर्नमध्ये त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला, मग ते मायदेशी भौतिकशास्त्राकडे वळले. या भटकंतीतून त्यांना चित्रे आणि प्राचीन कलावस्तू यांची जाण लाभली. ती आवड आयुष्यभर टिकली.

टेलिफोनवरचे बोलणे स्पष्ट ऐकू यावे, तर खर्च तारांवर करावा की कानाला लावायच्या यंत्रावर, असा खात्यापुढे व्यवहारी प्रश्न होता. बेकेशी यांनी यंत्रातील धातूच्या चकतीची आणि माणसाच्या कर्णपटलाची तुलना केली. त्यात कर्णपटल कितीतरी सरस ठरले. चकती सुधारायला भरपूर वाव होता, हे खात्याला उत्तर मिळाले. बेकेशी यांना मात्र त्यापुढचा प्रश्न सोडवेना. पडद्यापर्यंत पोहोचलेल्या ध्वनीचे आत नेमके काय होते?

वरवरचा मार्ग तेव्हाही ठाऊक होता. कर्णपटल थरथरते; त्याला जोडलेली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे ती थरथर पुढे नेतात आणि तिचा दाब सुमारे वीस पटींनी वाढवतात. रिकिबीचा तळ अंतर्कर्णाच्या खिडकीवर टेकलेला असतो. तिच्या पलीकडे गोगलगायीच्या शंखासारखे वेटोळे घेतलेले, द्रवाने भरलेले कर्णावर्त. त्याच्या लांबीभर सुमारे ३५ मिलिमीटरचे आधारपटल पसरलेले असून त्यावर रोमपेशींच्या रांगा असतात. रोमपेशी हलल्या की मज्जातंतूतून मेंदूकडे संदेश जातो. पण सनईचा सूर आणि तबल्याचा घुमारा यांत कान फरक कसा करतो? पियानोच्या तारांप्रमाणे पटलाचा एकेक धागा आपापल्या सुराला झंकारतो, असे एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ यांनी मांडले होते. संपूर्ण पटल टेलिफोनच्या चकतीसारखे एकदम कंप पावते, असेही काहींचे मत होते. प्रत्यक्ष कोणीच काही पाहिलेले नव्हते.

ते पाहण्याचे बेकेशी यांनी मनावर घेतले. कर्णावर्त शरीरातील अत्यंत कठीण हाडात दडलेले असते आणि मृत्यूनंतर त्यातील नाजूक पडदे लवकर खराब होतात. म्हणून ताज्या मृतदेहांच्या कवटीचा भाग मिळवून ते हाड द्रवाखाली कोरत. त्यामुळे पडदे सुकत नसत आणि भुकटी वाहून जाई. कार्यशाळेतील कामगारांना सकाळी छिद्रयंत्रावर माणसाच्या हाडांचा भुगा सापडे. ते कुरकुरत, यात नवल नव्हते. आतील पारदर्शक पडदा दिसावा म्हणून बेकेशी त्यावर सूक्ष्म धातुकण शिंपडत. मग सूक्ष्मदर्शकाखाली लुकलुकत्या दिव्याच्या प्रकाशात, जलद कंपनेही जणू संथ झालेली त्यांना पाहता येत.

दिसली ती लाट. रिकिबीने ढकललेला द्रव पटलावर लाट उठवतो. ती पुढे सरकताना मोठी होत जाते, एका ठिकाणी शिगेला पोहोचते आणि चटकन विरते. रिकिबीजवळ पटल अरुंद आणि ताठ, तर टोकाकडे रुंद आणि लवचीक असते. म्हणून उंच सुराची लाट खिडकीलगतच शिगेला पोहोचते आणि खर्जाची थेट टोकापाशी. लाट कुठे उसळली यावरून सूर ओळखला जातो. १९२८ साली त्यांनी हे प्रथम प्रसिद्ध केले. नंतर उंदरापासून हत्तीपर्यंत अनेक प्राण्यांचे कान त्यांनी तपासले आणि कर्णावर्ताची मोठी प्रतिकृतीही बनवली. तिच्यावर हात टेकवला की लाट कोपरापर्यंत पसरली, तरी त्वचेला थरथर दोन-तीन सेंटीमीटरच्या पट्ट्यातच जाणवे. सूर बदलला की तो पट्टा सरके.

कानाचे अनेक विकार या नकाशावर उलगडतात. जुनाट कान वाहण्याने पडद्याला छिद्र पडते, हाडांची साखळी झिजते. कधी रिकीबच जखडून बसते. अशा वेळी ध्वनी आत पोहोचण्यात अडथळा असतो, कर्णावर्त मात्र शाबूत असते. त्यामुळे शस्त्रक्रियेने किंवा श्रवणयंत्राने बराच लाभ होतो. रोमपेशी मेल्या तर गोष्ट वेगळी. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वार्धक्याने आणि गोंगाटाने आधी नष्ट होतात त्या उंच सुरांच्या बाजूच्या, रिकिबीकडील पेशी. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने त्याच पट्ट्यात येतात. घरातल्या आजोबांना आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत, आणि आपण मात्र त्यांच्यावर ओरडत राहतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. बहिऱ्या मुलांच्या कर्णावर्तात बसवल्या जाणाऱ्या विद्युत्-उपकरणातही उंच सुरांचे अग्र खिडकीजवळ आणि खालच्या सुरांचे आत खोलवर ठेवतात.

दुसऱ्या महायुद्धात बुडापेस्टची वाताहत झाली. १९४६ मध्ये बेकेशी स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत आणि वर्षभरात अमेरिकेत हार्वर्डला गेले. रुग्णाने स्वतः बटण दाबून आपल्या ऐकण्याची मर्यादा कागदावर रेखाटावी, असे श्रवणमापक यंत्र त्यांनी याच काळात घडवले. आवाज ऐकू येताच बटण दाबायचे, विरला की सोडायचे. त्यातून उमटणाऱ्या नागमोडी रेषेवरून दोष कर्णावर्तात आहे की मज्जातंतूत, याचा अंदाज बांधता येई.

त्यांच्या निरीक्षणात एक उणीव मात्र होती. मृत कानातील लाट दिसावी म्हणून त्यांना जिवंत माणसाला असह्य होईल इतका प्रचंड आवाज वापरावा लागे, आणि दिसे ती लाटही पसरट. एवढ्या पसरट लाटेतून जवळजवळचे सूर कान कसे वेगळे करतो? १९४८ मध्ये केंब्रिजमधील तरुण शास्त्रज्ञ टॉमस गोल्ड यांनी सुचवले, की जिवंत कान स्वतःची ऊर्जा ओतून लाट धारदार करत असला पाहिजे. बेकेशी यांनी ते मानले नाही. त्यांचा दरारा एवढा होता, की गोल्ड यांचा विचार पुढची तीस वर्षे जवळजवळ अडगळीत पडला.

१९६६ मध्ये बेकेशी हवाई विद्यापीठात गेले. ते अविवाहित होते. १३ जून १९७२ रोजी होनोलुलू येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांचा कलासंग्रह नोबेल प्रतिष्ठानकडे गेला. सहा वर्षांनी लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी निरोगी कानातून बाहेर येणारा अतिशय क्षीण ध्वनी ध्वनिग्राहकाने टिपला. बाह्य रांगांतील रोमपेशी स्वतः आखडतात, ताणतात आणि लाटेला जोर देतात, हे त्यानंतर सिद्ध झाले. मृत कानात ते दिसणे शक्यच नव्हते. प्रसूतिगृहात झोपलेल्या नवजात बाळाच्या कानात छोटी कांडी घालून काही क्षणांत जी चाचणी करतात, ती बाळाच्या कानातून येणारा हाच क्षीण ध्वनी ऐकते.