एमपी३ मागचं गणित ज्याने मांडलं : जोसेफ फुरिये

रील बनवताना आपण नॉइज रिडक्शन लावतो, इक्वलायझरमध्ये बास वाढवतो आणि गाणं एमपी३ करून पाठवतो. या तिन्ही टूल्सच्या मुळाशी एकच कल्पना आहे. ती मांडणारे जोसेफ फुरिये १८३० मध्येच वारले, तेव्हा आवाज रेकॉर्ड करून परत ऐकवणारं यंत्रसुद्धा नव्हतं! ऑडिओ टूल्सबद्दल वाचताना मला हे नाव सारखं भेटतं, म्हणून आज त्यांचीच गोष्ट सांगतो.

शिंप्याचा मुलगा

फुरिये यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधल्या ओसेर गावी एका शिंप्याच्या घरी झाला. लहानपणीच आई-वडील दोघंही गेले. गावातल्या लष्करी शाळेत गणिताची गोडी लागली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ मध्ये त्यांना अटक झाली. रोबेस्पिएरची सत्ता कोसळली आणि ते सुटले. १७९८ मध्ये ते नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले. परतल्यावर नेपोलियनने त्यांना ग्रनोबलला प्रीफेक्ट, म्हणजे आपल्या कलेक्टरसारखा अधिकारी, म्हणून नेमलं.

१५ वर्षांची वाट

रस्ते बांधणं, दलदलीचा निचरा करणं अशी सरकारी कामं सांभाळून ते एका प्रश्नामागे लागले होते: घन पदार्थातून उष्णता कशी पसरते? त्यातूनच ती कल्पना निघाली. लाट कितीही वेडीवाकडी असो, ती अनेक साध्या लाटांची बेरीज म्हणून लिहिता येते.

डिसेंबर १८०७ मध्ये त्यांनी हे पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवलं. लाग्रांज यांना ते पटलं नाही. एकेकाळी फुरिये त्यांच्याच हाताखाली शिकले होते. निबंध छापला गेला नाही. १८११ मध्ये त्यांनी तो सुधारून स्पर्धेला पाठवला. बक्षीस मिळालं, पण पुरावा कच्चा असल्याचा शेराही मिळाला आणि छपाई पुन्हा राहिली. शेवटी १८२२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. शेरा अगदीच चुकीचा नव्हता. ही बेरीज कधी जुळते याचा पक्का पुरावा १८२९ मध्ये डिरिश्ले या तरुण गणितज्ञाने दिला. पुढच्याच वर्षी फुरिये गेले.

तुमच्या फोनमध्ये काय होतं?

आवाज म्हणजे हवेतली वेडीवाकडी लाट. ॲप ती साध्या लाटांमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीमध्ये फोडतं.

- नॉइज रिडक्शन : पंख्याची घरघर कोणत्या फ्रिक्वेन्सीत किती आहे ते मोजून तेवढा भाग दाबतं.
- इक्वलायझर : हव्या त्या फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करतं.
- एमपी३ : कानाला जाणवणार नाहीत असे बारकावे टाकून देतं. सीडीवरचं ४ मिनिटांचं गाणं साधारण ४२ एमबीचं असतं, ते १२८ केबीपीएसला ४ एमबीच्या आत बसतं.

हे हिशेब झटपट करायची पद्धत कूली आणि टुकी यांनी १९६५ मध्ये दिली. त्याच घराण्यातलं, जेपीईजी फोटो लहान करणारं गणित १९७४ मध्ये आलं. ते मांडणाऱ्यांत बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद होते.

प्रत्यक्ष बघायचंय? कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी उघडा, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रोग्राम व्ह्यू लावा. तिथे दिसणारा प्रत्येक पट्टा म्हणजे तुमच्या आवाजातली एकेक फ्रिक्वेन्सी.