नोकरी सोडलेला मास्तर

कॉलेजच्या प्रवेश अर्जात एक रकाना असतो, वडिलांचा व्यवसाय. तीन वर्षांपूर्वी तो भरताना मी खाजगी नोकरी असे लिहिले. त्यात खोटे काही नव्हते. पण पुरते खरेही नव्हते. माझे बाबा उद्यमबागेतील एका फाउंड्रीत मोल्डर आहेत. ओलसर वाळूत पॅटर्न ठोकून बसवायचा, कडा ढळू न देता तो अलगद उचलून घ्यायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत तापलेले बीड ओतायचे, हे त्यांचे काम. हातांवर जुन्या ठिणग्यांचे डाग आहेत. ते लिहायला मला लाज वाटली.

लाजेला आणखी एक कारण होते. त्याच उन्हाळ्यात बाबांनी नोकरी सोडली होती, आणि ती त्यांची तिसरी नोकरी होती. ज्या कारखान्यात त्यांनी ११ वर्षे काढली, तेथे त्यांच्याच हाताखाली काम शिकलेला एक मुलगा डिप्लोमा करून आला व त्यांच्यावर मुकादम म्हणून नेमला गेला. बाबा भांडले नाहीत. पगार झाला त्या दिवशी त्यांनी डबा घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. पुढे दीड महिन्याने दुसरीकडे काम मिळाले, तेही कमी पगारावर. मामांनी घरी येऊन आईला ऐकवले की, या माणसाचा स्वभावच धरसोडीचा आहे, चार पैसे गाठीला लागतील कसे. मी आतल्या खोलीत होते. मला मामांचे म्हणणे पटले होते, हे आज कबूल केले पाहिजे.

यंदा नियतकालिकासाठी लेख मागवताना आमच्या मराठीच्या सरांनी अट घातली की, ज्याच्या नावावरून आपण रोज ये-जा करतो, पण ज्याच्याविषयी काही जाणत नाही, अशा माणसावर लिहावे. माझी बस किर्लोस्कर रोडजवळून जाते. म्हणून मी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र वाचायला घेतले. घेतले ते गुण मिळावेत म्हणून. पण वाचता वाचता मला पुनःपुन्हा बाबाच आठवू लागले.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाने शिकून नाव काढावे ही घरची अपेक्षा. मुलाचे लक्ष मात्र पुस्तकात नव्हते; ते चित्रांत आणि यंत्रांत होते. या दोन्ही गोष्टी त्या काळच्या सभ्य घरात उपजीविकेची साधने मानल्या जात नसत. तरी थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांनी पैशाची मदत केली, आणि १८८५ च्या सुमारास लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले.

तेथे दोन वर्षांनी एक विचित्र अडचण पुढे आली. त्यांना काही रंग ओळखू येत नाहीत असे आढळले. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंगांधळेपण असावे, याहून मोठी थट्टा ती कोणती! पण रेषा तर दिसत होती. त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांचे आराखडे काढायला शिकले. त्याच विद्येवर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंगच्या मास्तरांचे साहाय्यक म्हणून नोकरी मिळाली. पगार दरमहा ४५ रुपये. शिकवण्याचे तास संपले की ते संस्थेच्या यंत्रशाळेत जाऊन बसत, यंत्रे खोलत, जोडत. जे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते, ते त्यांनी असे स्वतःहून शिकून घेतले.

याच काळात मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी सायकल पाहिली. त्यांनी सायकली विकत घेऊन बेळगावला धाडायच्या आणि रामूअण्णांनी त्या येथे विकायच्या, असा दोघा भावांचा व्यवहार सुरू झाला. एका सायकलीची किंमत ७०० ते १००० रुपये. ४५ रुपये पगाराशी तिची तुलना केली म्हणजे ती वस्तू तेव्हा कोणाच्या घरी जात असेल याची कल्पना येते. सायकल चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे. किर्लोस्कर उद्योगाचा जन्म १८८८ सालचा मानतात, तो या दुकानापासून.

नोकरी चालली होती. मग संस्थेत बढतीची जागा निघाली. लक्ष्मणरावांचा अनुभव व काम पाहता ती त्यांना मिळायला हवी होती. ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. कारण उघड होते आणि ते कामाशी संबंधित नव्हते. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावला परतले. हा प्रसंग चरित्रात जेमतेम परिच्छेदभर येतो. मी मात्र तेथे पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. कोणाही मामाने त्यांना त्या वेळी सांगितले असते की, बाबा रे, सरकारमान्य संस्थेतली कायम नोकरी, एवढ्या तेवढ्या मानापमानासाठी कोण सोडतो?

मित्रमैत्रिणींनो, थोरांचे राजीनामे आपल्याला नंतर तेजस्वी वाटतात, कारण पुढची कथा आपल्याला ठाऊक असते. राजीनामा देणाऱ्याला ती ठाऊक नसते. बेळगावला आल्यावर लक्ष्मणरावांच्या पुढे काही कारखाना उभा नव्हता. सायकलीच्या धंद्यात पुढे स्पर्धा वाढली. दोघे भाऊ कडबा कापण्याची यंत्रे करू लागले, आणि मग लोखंडी नांगर. चित्रे, ड्रॉइंग, सायकली, कडबा, नांगर, मधूनच बांधकामाची कंत्राटे. मामांच्या मापाने मोजले तर यापेक्षा मोठी धरसोड सापडणार नाही. पण नीट पाहिले तर एक धागा सुटलेला नाही. हाताने वस्तू घडवण्याचे काम त्यांनी एकदाही सोडले नाही. त्यांनी सोडल्या त्या जागा.

नांगर तयार झाले, पण विकले जाईनात. लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. विद्वानांच्या संस्थेने डावलले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. अडाणी म्हटल्या जाणाऱ्या शेतकऱ्याने नकार दिला, तेव्हा मात्र ते तेथेच थांबले. मला या दोन प्रसंगांतला भेद महत्त्वाचा वाटतो. पहिल्या ठिकाणी काम पाहूनही माणसाला नाकारले होते. दुसऱ्या ठिकाणी काम अजून पाहिलेच गेले नव्हते. पहिला अपमान होता, दुसरी अडचण होती. आपण बहुधा याच्या उलट करतो. अडचण आली की पळतो आणि अपमान गिळून बसतो.

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागले तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. शहर वाढत होते, त्याला जागा हवी होती. आज ज्या शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, त्याच शहराला तेव्हा त्यांचा कारखाना नकोसा झाला होता. आपण बेळगावकरांनी हे लक्षात ठेवावे. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चित्रकार होते, व्यायामाचे पुरस्कर्ते होते, आणि त्यांनी लक्ष्मणरावांचे काम जवळून पाहिले होते. संस्थानातील कुंडल रोड या रेल्वे स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन त्यांनी दिली व कर्जाऊ पैसेही दिले.

जमीन म्हणजे निवडुंगाचे रान. त्यात नाग-सापांचा सुळसुळाट. १९१० साली सुमारे २५ कामगार आपली बायकामुले घेऊन लक्ष्मणरावांबरोबर तेथे गेले. त्यांनी निवडुंग तोडला, झोपड्या उभारल्या, भट्टी पेटवली. तीच किर्लोस्करवाडी. आपण मिरजेहून पुण्याकडे जातो तेव्हा भिलवडीनंतर हे स्टेशन लागते. कुंडल रोड हे त्याचे जुने नाव गेले आणि गावाचे नाव स्टेशनाला मिळाले.

येथपर्यंतची कथा जिद्दीची आहे, आणि जिद्दीच्या कथा आपल्या पाठ्यपुस्तकांत पुष्कळ असतात. मला जे सांगायचे आहे ते याच्या पुढे आहे. ज्याला एकदा डावलले गेले, तो स्वतः मालक झाल्यावर कसा वागला?

किर्लोस्करवाडीची आरंभीची माणसे कोण होती ते पाहा. शंभूअण्णा जांभेकर यंत्रांचे दुखणे ओळखण्यात तरबेज. के. के. कुलकर्णी परीक्षांत अयशस्वी ठरलेले, पण पडेल ती जबाबदारी पेलणारे. अनंतराव फळणीकर शाळा अर्ध्यावर सोडलेले, पण कल्पक इंजिनियर. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले आणि मुख्य हिशेबनीस झाले. कारखान्याच्या राखणीवर नेमलेल्यांत दरोड्याबद्दल शिक्षा झालेले दोघे होते, आणि ते विश्वासू राखणदार ठरले. वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. मुंबईत त्यांना वर्णावरून मोजले गेले होते. आपल्या गावात त्यांनी माणसाला जातीवरून, प्रमाणपत्रावरून किंवा मागच्या गुन्ह्यावरून मोजले नाही. अपमान झालेली माणसे जगात पुष्कळ असतात. त्यातली बरीचशी संधी मिळताच तोच अपमान खालच्या माणसाकडे पोचता करतात. लक्ष्मणरावांनी तो आपल्यापाशीच थांबवला. माझ्या मते त्यांनी घडवलेल्या वस्तूंत ही सर्वांत अवघड होती.

पुढचा विस्तार सर्वांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या निकामी तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. १९२० साली पुतणे शंकरराव यांनी कारखान्याची खबर देणारे एक पत्र काढले. तेच पुढे किर्लोस्कर मासिक झाले, आणि १९३० साली त्याला स्त्री मासिकाची जोड मिळाली. पंप आले, इंजिने आली. पुढच्या पिढीने १९४१ साली हरिहर येथे यंत्रे घडवणारा कारखाना काढला. तो आता बंद पडला असला तरी, आमच्या कन्नड विभागातील मित्रांच्या घरी त्याच्या आठवणी निघत असतील. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

हे सगळे वाचून बाबांना लगेच लक्ष्मणरावांच्या पंक्तीला बसवावे, इतकी मी भाबडी नाही. बाबांना औंधचे महाराज भेटलेले नाहीत आणि भेटणारही नाहीत. प्रत्येक राजीनाम्यातून कारखाना उगवत नाही. बहुतेकांतून दीड महिन्याची उधारी उगवते. शिवाय लक्ष्मणरावांना राजीनामा देता आला, कारण बेळगावात रामूअण्णा दुकान सांभाळून बसले होते. चरित्रात रामूअण्णांची पाने थोडी आहेत, पण त्यांच्यावाचून पुढची पाने लिहिलीच गेली नसती. आमच्या घरात रामूअण्णा कोण, याचा मी विचार केला. त्या दीड महिन्यात आई रात्री दोन-दोन वाजेपर्यंत शिलाईच्या मशीनवर बसत होती. मामा बोलून गेले त्या दिवशी तिने त्यांना चहा दिला, पण बाबांना एका शब्दाने विचारले नाही की नोकरी का सोडली. तेव्हा मला वाटले होते, ती बिचारी काय बोलणार. आता वाटते, तिला विचारण्याची गरजच नव्हती.

आणि एक गोष्ट मला उशिरा कळली. तो डिप्लोमावाला मुलगा अजून आमच्या घरी येतो. साच्यात हवा अडकून कास्टिंगला भोके पडू लागली की तो बाबांना विचारायला येतो. बाबा त्याला बसवून, कागदावर रेघा काढून समजावून सांगतात. जागा कोणी दिली आणि कोणाला दिली, हा राग त्यांनी त्या मुलावर काढला नाही. मी दार उघडून त्याला पाणी देत असे, आणि बाबांना मान कसा नाही म्हणून मनात चरफडत असे.

गेल्या महिन्यात शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. त्यातही तो रकाना होता. मी मोल्डर असे लिहिले आणि सहीसाठी अर्ज बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. मग म्हणाले की, नुसते मोल्डर नको, पुढे २४ वर्षे असेही लिही. रकाना लहान होता. मी ते अंक कडेला, समासात लिहिले, आणि त्यांनी सही केली.