मातृत्वाचा भार आणि शासनाची तिजोरी

भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव उच्चारताच राज्यघटना, महाडचे चवदार तळे आणि नागपूरचे धर्मांतर यांचे स्मरण होते. गरीब मातेच्या आरोग्याचा भार शासनाने उचलावा, यासाठी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात दिलेला लढा मात्र क्वचितच सांगितला जातो. त्यांच्या एका मागणीशी ख्रिस्तसभेची शिकवण सहमत नाही. तरीही, किंबहुना त्यामुळेच, हा इतिहास आपल्या वाचकांनी समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. सुभेदार रामजी व भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. त्या चौदांपैकी मोठी झाली ती तीन मुले आणि दोन मुली. भीमराव जेमतेम पाच वर्षांचे असताना भीमाबाईंचे निधन झाले. पुढे लहान वयातच त्यांचा विवाह रमाबाईंशी झाला. या दांपत्याला पाच अपत्ये झाली. त्यांपैकी एकटा यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चारही बालके अकाली गेली. दारिद्र्य आणि आजारपण सोसून रमाबाईंनी २७ मे १९३५ रोजी देह ठेवला. या दुःखातूनच त्यांची राजकीय मते घडली, असे अनुमान आम्ही काढू इच्छित नाही. परंतु कायदेमंडळात मातांविषयी बोलणाऱ्या या माणसाला तो विषय घरातून ठाऊक होता, एवढे निश्चित.

कोलंबिया विद्यापीठ व लंडन येथील उच्च शिक्षण पूर्ण करून १९२३ साली ते मुंबईस परतले आणि वकिली करू लागले. १९२७ साली सरकारनियुक्त सदस्य म्हणून त्यांनी मुंबई विधिमंडळात प्रवेश केला. त्या काळी गिरण्यांत हजारो स्त्रिया काम करीत होत्या. बाळंतपणासाठी घरी राहणे म्हणजे मजुरी बुडणे, म्हणून कित्येकजणी दिवस भरेपर्यंत कामावर येत आणि अंग सावरण्यापूर्वीच परतत. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतिसाहाय्याचा करार संमत केला होता. त्यास अनुसरून कामगारनेते ना. म. जोशी यांनी १९२४ साली केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणले. ते फेटाळले गेले. पुढे मुंबई प्रांतापुरते तसे विधेयक आले आणि २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेबांनी त्याच्या समर्थनार्थ भाषण केले.

त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा होता. प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. प्रजेच्या कल्याणाची जबाबदारी मुख्यतः शासनाची असल्याने या खर्चाचा मोठा वाटाही शासनानेच उचलला पाहिजे. तथापि शासन देत नाही म्हणून मालकाची सुटका होत नाही. कारण स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालक आपला लाभ पाहत असतो. १९२९ साली हा कायदा संमत झाला आणि अशा प्रकारचा तो भारतातील पहिलाच कायदा ठरला. पण खर्च मालकावर पडला. शासनाची तिजोरी मोकळीच राहिली. शिवाय कायदा कारखान्यांपुरता होता. गिरणीतील स्त्रीला त्याचा आधार मिळाला. भाईंदरच्या मिठागरात राबणाऱ्या किंवा उत्तनच्या किनाऱ्यावर मासळी वाळविणाऱ्या स्त्रीपर्यंत तो पोहोचला नाही.

याच सुमारास प्रा. र. धों. कर्वे मुंबईत संततिनियमनाचा प्रचार करीत होते. १९२१ साली त्यांनी सल्लाकेंद्र उघडले. या कार्यापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी सोडावी लागली. ती संस्था ख्रिस्ती मिशनची होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा १९३४ साली बाबासाहेबांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. खटला हरला, पण विषय त्यांनी सोडला नाही.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १९३७ च्या निवडणुकीत पक्षाचे उमेदवार मोठ्या संख्येने निवडून आले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी या पक्षाच्या वतीने मुंबई विधानसभेत एक अशासकीय ठराव आला. सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात, अशी त्यात शिफारस होती. त्या दिवशी बाबासाहेब अनुपस्थित असल्याने पी. जे. रोहम यांनी तो मांडला. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगलेल्या माता, कुपोषित बालके आणि दारिद्र्य यांचे चित्र सभागृहापुढे ठेवण्यात आले. प्रसूतिवेदना पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या तर त्यांनी एकाहून अधिक अपत्य मागितले नसते, अशा आशयाचा स्पष्ट युक्तिवादही झाला. ठरावाच्या बाजूने ११ आणि विरोधात ५२ मते पडली.

ख्रिस्तसभेची भूमिका त्या वेळी स्पष्ट होती व आजही आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३० च्या अखेरीस विवाहावरील आपल्या विश्वपत्रात कृत्रिम संततिनियमन निषिद्ध ठरविले आणि १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी त्या शिकवणुकीचा पुनरुच्चार केला. सभागृहात एखादा श्रद्धावंत कॅथलिक असता तर त्यास या ठरावाला पाठिंबा देणे कठीण गेले असते. पण त्याच १९३० च्या विश्वपत्रात आणखी एक भाग आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. बाळंतपणात मातेला पुरेसे अन्न, औषध आणि कुशल वैद्याची मदत मिळत नसेल, घरात राहण्याजोगी जागा आणि पित्याच्या हाताला काम नसेल, तर अशा कुटुंबाकडून धर्मनियमांच्या पालनाची अपेक्षा करणे किती अवघड होते, हे पोपमहोदयांनी तेथे स्पष्ट केले आहे. खासगी मदत अपुरी पडेल तेथे सार्वजनिक सत्तेने पुढे होणे हे तिचे कर्तव्य आहे, असेही ते सांगतात. पहिला भाग पाठ करायचा आणि दुसरा विसरायचा, ही सोय श्रद्धावंताला उपलब्ध नाही. साधनांविषयीचा आपला मतभेद कायम राहील. परंतु मातेच्या आरोग्यावर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा या मूळ मागणीत आपण बाबासाहेबांच्याच बाजूला उभे असतो.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते सांभाळताना त्यांनी खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती आणली. कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना त्यांच्याच खात्याने अभ्यासास घेतली. तिच्यातून साकारलेल्या १९४८ च्या राज्य विमा कायद्यात प्रसूतिलाभाचा समावेश झाला आणि वैद्यकीय सेवेच्या खर्चात राज्य शासनाचाही वाटा आला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. देशव्यापी प्रसूतिलाभ कायदा त्यानंतर पाच वर्षांनी, १९६१ साली झाला. मात्र त्यातही रजेच्या वेतनाचा भार मालकावरच राहिला. २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली, तरी भार तेथेच आहे.

१९३८ साली नाकारलेली गोष्ट स्वतंत्र भारताने १९५२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारली. पण १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत तिला सक्तीचे रूप आले. पुढे शस्त्रक्रियांचा बोजा प्रामुख्याने स्त्रियांवर पडला आणि २०१४ साली छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात सरकारी शिबिरातील शस्त्रक्रियेनंतर डझनाहून अधिक स्त्रियांनी प्राण गमावले. बाबासाहेबांच्या पक्षाने मागितली होती ती माहिती आणि सोय, सक्ती नव्हे. स्त्रीच्या प्रतिष्ठेविना खर्च झालेला सार्वजनिक पैसाही तिला घातक ठरू शकतो, हा धडा या इतिहासातून मिळतो.

परिस्थिती सुधारली आहे, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले. देशाची सरासरी ९७ होती. जननी सुरक्षा योजना (२००५) व मातृवंदना योजना (२०१७) यांद्वारे शासनाची तिजोरी मातेसाठी काही अंशी उघडली. तरीही घरकाम करणारी, मासळी विकणारी किंवा कंत्राटावर राबणारी आपल्या मीरा-भाईंदरमधील स्त्री भरपगारी प्रसूतिरजेपासून बहुधा दूरच असते. भाईंदरचे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय महापालिकेने उभारले आणि पुढे राज्य शासनाकडे सोपविले. अशा सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतिकक्ष चालतो की नाही, तेथे तज्ज्ञ डॉक्टर व परिचारिका पुरेशा आहेत की नाहीत, हे प्रश्न निवडणुकीच्या काळात मते मागण्यास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण विचारू शकतो. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण करणाऱ्या सर्वपक्षीय नेत्यांना, आणि आपल्या धर्मग्रामातील समाजसेवा समित्यांनाही, हा प्रश्न विचारला जावा, असे आम्हांस वाटते.