आगरकर आणि संस्थेचा कारभार

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ साली कराडजवळच्या टेंभू गावी, गरीब घरात झाला. एम.ए. होऊनही मोठ्या पगाराची नोकरी न धरता ते पुण्यात टिळक-चिपळूणकरांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. शिकवणारे आजीव सदस्यच तिचा कारभार पाहत. पुढे सदस्यांचे वेतन आणि बाहेरची कामे यांवरून या दोन मित्रांचे बिनसले आणि १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. दोघेही प्रामाणिक होते, तरी जमले नाही. पण घडी आधीच बसलेली होती, म्हणून वर्ग चालू राहिले. १८९२ साली आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याने जर्जर होऊन १८९५ साली, चाळिशीच्या आतच ते गेले.

गिरीजच्या आपल्या मित्रमैत्रिणींपैकी कुणी उद्या एखाद्या शाळेच्या विश्वस्त मंडळावर बसेल. त्याने मैत्री घट्ट असतानाच नियम लिहून ठेवावेत. भांडण झाल्यावर ते लिहिता येत नाहीत.