ॲमी जॉन्सन

ॲमी जॉन्सन (१ जुलै, १९०३ – ५ जानेवारी, १९४१) या ब्रिटिश वैमानिक होत्या. १९३० साली त्यांनी इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हे अंतर लहानशा खासगी विमानातून एकटीने पार केले. असे करणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. वाटेत उद्भवलेले बिघाड त्यांनी ज्या रीतीने निस्तरले, त्यामुळेही हे उड्डाण स्मरणीय ठरले.

प्रारंभिक जीवन

जॉन्सन यांचा जन्म इंग्लंडमधील हल या बंदराच्या शहरी झाला. वडिलांच्या घराण्याचा मासळीचा व्यापार होता. शेफील्ड विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतल्यानंतर त्या लंडनमध्ये एका वकिलाच्या कार्यालयात काम करू लागल्या. १९२८ मध्ये स्टॅग लेन विमानतळावरील लंडन एरोप्लेन क्लबमध्ये त्यांनी उड्डाणाचे धडे घेण्यास सुरुवात केली. क्लबच्या कार्यशाळेत यांत्रिकांबरोबर राबून त्या इंजिन खोलणे व जोडणेही शिकल्या. १९२९ मध्ये त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला आणि त्याच वर्षी विमानांच्या देखभालीसाठी लागणारा भू-अभियंत्याचा परवानाही मिळाला. हा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या ब्रिटिश महिला होत्या.

ऑस्ट्रेलियाचे उड्डाण

वडील आणि तेल-उद्योजक लॉर्ड वेकफील्ड यांच्या आर्थिक साहाय्याने त्यांनी ६०० पौंडांना एक वापरलेले जिप्सी मॉथ विमान घेतले. वडिलांच्या व्यवसायाच्या व्यापारचिन्हावरून त्याला ‘जेसन’ हे नाव दिले. उघड्या बैठकीचे हे विमान लाकूड व कापडाचे होते. त्यात रेडिओ नव्हता. जादा टाकीतील पेट्रोल हातपंपाने वरच्या टाकीत चढवावे लागे. सुटा प्रोपेलर विमानाच्या बाजूला बांधून नेला होता. त्यापूर्वीचे त्यांचे सर्वांत लांबचे उड्डाण लंडन ते हल एवढेच होते.

५ मे, १९३० रोजी त्या क्रॉयडनहून निघाल्या. बगदादच्या अलीकडे वाळूच्या वादळाने त्यांना वाळवंटातच उतरावे लागले. विमान वाऱ्याने ढकलले जाऊ नये म्हणून त्यांनी चाकांना सामानाचा अडसर लावला, इंजिनात वाळू शिरू नये म्हणून ते कापडाने झाकले आणि वादळ ओसरेपर्यंत तेथेच थांबल्या. सहाव्या दिवशी त्या कराचीला पोहोचल्या. बर्ट हिंकलर यांनी १९२८ मध्ये केलेल्या साडेपंधरा दिवसांच्या विक्रमाच्या तुलनेत त्या येथवर दोन दिवस पुढे होत्या.

कराचीहून अलाहाबादकडे जाताना पेट्रोल संपत आल्याने त्यांना झाशीच्या कवायत मैदानावर उतरावे लागले. त्यात पंखाला इजा झाली. स्थानिक सुताराच्या मदतीने तो दुरुस्त करून त्या कोलकात्यास गेल्या. पुढे ब्रह्मदेशात रंगूनजवळील इन्सीन येथे मुसळधार पावसात त्या धावपट्टीऐवजी एका तंत्रशिक्षण संस्थेच्या क्रीडांगणावर उतरल्या. विमान खंदकात गेले. प्रोपेलर मोडला आणि पंखाची मोडतोड झाली. सोबतचा प्रोपेलर येथे कामी आला. पंखाचा सांगाडा संस्थेतील मंडळींच्या साहाय्याने सांधण्यात आला. विमानाचे कापड मात्र मिळेना. पहिल्या महायुद्धातून उरलेल्या अशाच कापडाचे सदरे तेथे शिवले गेले होते. त्यांची ठिगळे पंखाला लावली गेली. कापड ताणून घट्ट करणारे रोगणही गावातच तयार करवून घेण्यात आले. या दुरुस्तीत दिवस गेले आणि हिंकलर यांचा विक्रम मोडण्याची संधी हुकली. मात्र प्रवास खंडित झाला नाही. २४ मे रोजी, सुमारे १८,००० किलोमीटर अंतर कापून, त्या डार्विनला उतरल्या.

या कामगिरीबद्दल त्यांना सीबीई हा किताब मिळाला. ‘जेसन’ विमान लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जतन केलेले आहे.

उत्तरायुष्य

१९३२ मध्ये त्यांचा विवाह वैमानिक जिम मॉलिसन यांच्याशी झाला. १९३८ मध्ये घटस्फोट झाला. १९३२ मध्येच त्यांनी लंडन ते केपटाउन या एकट्याने केलेल्या उड्डाणाचा विक्रम नोंदवला. १९३५ ते १९३७ या काळात त्या विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटीच्या अध्यक्ष होत्या.

दुसऱ्या महायुद्धात त्या विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचवणाऱ्या एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीत दाखल झाल्या. ५ जानेवारी, १९४१ रोजी खराब हवामानात त्या नियोजित मार्गापासून दूर गेल्या आणि हवाई छत्रीने टेम्स नदीच्या मुखाशी पाण्यात उतरल्या. त्यांना वाचवण्यासाठी पाण्यात उडी घेणारे नौदल अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांचाही मृत्यू झाला. जॉन्सन यांचा मृतदेह सापडला नाही.